पहिल्या पानावरचं नाव

जुनं पुस्तक हाती आलं की मी आधी पहिलं पान उघडते. बहुतेकदा तिथे नाव असतं. शाई फिकटलेली, खाली तारीख, कधी ‘सप्रेम भेट’. पुस्तक मालकाच्या हातून का सुटलं ते कळत नाही. आजोबा गेले असतील, माळा रिकामा केला असेल. पुस्तकं सुटण्याचीही एक घरगुती रीत असते.

जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या कितीतरी पुस्तकांवर अशीच नावं आहेत, अरबीत. ती मात्र कुणी रद्दीत घातली नव्हती. १९४८ साली पश्चिम जेरुसलेममधली पॅलेस्टिनी कुटुंबं जीव मुठीत धरून निघाली, चार दिवसांत परत येऊ म्हणून. मागे कपाटं रिकामी केली गेली. त्या शहरातल्या घरांमधूनच सुमारे ३० हजार पुस्तकं गोळा झाली. त्यांतल्या हजारोंच्या क्रमांकाला आजही दोन अक्षरं जोडलेली आहेत: ए. पी. म्हणजे अबँडन्ड प्रॉपर्टी, सोडून दिलेली मालमत्ता. आपल्याकडे कचेरीच्या कागदावर ‘बेवारस’ लिहिलं असतं. वारस तर जिवंत होते, पण त्यांना परत येऊ दिलं नव्हतं.

कतमोन वस्तीत राहणारे शिक्षक खलील सकाकिनी हे त्यांतलेच एक. १९५३ साली ते कैरोत वारले. १९६७ च्या युद्धानंतर वाट उघडली तेव्हा त्यांच्या मुली त्या ग्रंथालयात गेल्या आणि वडिलांच्या हातच्या नोंदी असलेली पुस्तकं समोर आली. पुस्तकं तिथेच राहिली, मुली परतल्या.

२०१० ते २०१२ या काळात एमिली जासिर ही पॅलेस्टिनी कलाकार तिथे पुन्हापुन्हा जाऊन बसली. पुस्तकं मागवायची, उघडायची आणि मोबाइलवर फोटो काढायचे. डाग, खुणेचा कपटा, समासातली रेघ, कुणाचं तरी नाव. या कामाला तिने ‘एक्स लिब्रिस’ म्हटलं. पूर्वी लोक पुस्तकावर मालकीची चिठ्ठी चिकटवत, तिच्यावरचे हे शब्द. २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरी ते मांडलं गेलं, जिथलं ग्रंथालय दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात जळालं होतं.

पुस्तकाशी तिचं नातं त्याआधीचं. वाइल झुएतर हा नाब्लुसचा माणूस रोममध्ये राहत होता. ‘सहस्र आणि एक रात्री’ मूळ अरबीतून इटालियनमध्ये आणायचं त्याच्या मनात होतं. (कृष्णशास्त्री चिपळूणकरांमुळे आपण त्यांना ‘सुरस व चमत्कारिक गोष्टी’ म्हणून ओळखतो.) १६ ऑक्टोबर १९७२ च्या रात्री, राहत्या इमारतीच्या दारातच, इस्रायली गुप्तचर संस्था मोसादच्या माणसांनी त्याला १२ गोळ्या घातल्या. एक गोळी मात्र त्याच्याजवळच्या त्याच ग्रंथाच्या खंडात रुतून बसली. एमिलीने त्याची पत्रं, फोटो, त्याच्या ओळखीचे लोक शोधून काढले. पीटर सेलर्सच्या ‘पिंक पँथर’मध्ये तो क्षणभर दिसतो, तेवढा तुकडाही सोडला नाही. पुढे स्वतः पिस्तूल चालवायला शिकून तिने १,००० कोऱ्या पुस्तकांवर गोळ्या झाडल्या. प्रत्येक पुस्तकात एक भोक, आणि एकही अक्षर नाही. त्या ग्रंथातल्या शहरजादीनं गोष्ट सांगत जीव वाचवला होता. झुएतरला ती लिहून काढायलाही मिळाली नाही. या कामाचं नाव ‘मटीरियल फॉर अ फिल्म’. २००७ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात तिला सुवर्णसिंह मिळाला. पुरस्काराचं मला फारसं काही वाटत नाही; त्या कोऱ्या पानांचं वाटतं.

त्याच्याही आधी, २००१ साली, तिने निर्वासितांचा एक तंबू घेतला आणि १९४८ मध्ये उजाड झालेल्या ४१८ गावांची नावं त्यावर पेन्सिलीने आखली. न्यूयॉर्कमधल्या तिच्या स्टुडिओत शंभरावर माणसं येऊन काळ्या दोऱ्याने ती भरत बसली. त्यांत त्या गावांची मुलंबाळं होती, आणि त्यांच्या जागी वाढलेले इस्रायलीही. कुणी टाके घालता घालता गावची गोष्ट सांगायचं. सगळी नावं पुरी झाली नाहीत. काही अजून नुसत्या पेन्सिलीतच आहेत.

त्यानंतर तिने पॅलेस्टाइनमध्ये मोकळं फिरू न शकणाऱ्या पॅलेस्टिनींना विचारलं, तुमच्यासाठी तिथे काय करून येऊ? तिच्याकडे अमेरिकन पासपोर्ट होता, त्यामुळे तपासणी नाके ओलांडता यायचे. लोकांनी मोठं काही मागितलं नाही. हैफात रस्त्यावर दिसेल त्या पहिल्या पॅलेस्टिनी पोराबरोबर फुटबॉल खेळ. आईवडिलांच्या गावचं पाणी पी. जेरुसलेमच्या पोस्टात माझं फोनचं बिल भर. आपण गावी निघालेल्याला जशी कामं सांगतो, तशीच ही. ती त्या कामांना गेली, फोटो काढून आणले.

बेथलेहेमच्या एकाने सांगितलं, आईच्या वाढदिवशी तिच्या थडग्यावर फुलं वाहून ये, प्रार्थना कर. थडगं जेरुसलेमला, त्याच्या घरापासून दहा किलोमीटरच्या आत. परवाना मागितला तर नाकारला होता. एमिली गेली. शेजारीच, नाझींपासून ज्यूंना वाचवणाऱ्या ऑस्कर शिंडलरचं थडगं होतं आणि त्याभोवती बसमधून आलेले प्रवासी. तिने फुलं ठेवली, प्रार्थना केली, मग कॅमेरा डोळ्याला लावला. ऊन पाठीशी होतं. फोटोत मुलगा नाही. त्याच्या आईच्या दगडावर एका परक्या बाईची सावली पडलेली आहे.