भिंतीची धग आणि दारावरची 'बंदूक'

मे महिन्यात सूर्य मावळल्यावर पाणीगेटच्या एखाद्या अरुंद गल्लीतून चाललात, तर पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीजवळ गालाला धग लागते. भिंतीला हात लावलेला नसतो, वाराही नसतो. तरी ती तापलेली आहे हे कळते. विद्यार्थी मित्रांनो, ही धग मुख्यतः अवरक्त किरणांची. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे हे किरण बाहेर टाकत असते, आपले शरीरही. फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत.

१८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवला. तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. आज याच किरणांनी आकाश न्याहाळणारी १.२ मीटर व्यासाची दुर्बीण आपल्या जवळच, माउंट अबूच्या गुरुशिखरावर आहे. ती अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीची.

आमच्या जिन्यात आपोआप लागणारा दिवा बसवला, तेव्हा लहान मुले म्हणत, "त्याला डोळा आहे." डोळा आहे खरा, पण त्याला माणूस दिसत नाही. दुधी प्लॅस्टिकच्या टोपीखाली एका खास स्फटिकाच्या दोन पट्ट्या असतात. तापमान बदलले की या स्फटिकावर किंचित विद्युतभार येतो. आपण समोरून चाललो की आपल्या अंगाची उष्णता आधी एका पट्टीवर पडते, मग दुसऱ्या. हा फरक मिळाला की दिवा लागतो. सारा जिनाच हळूहळू तापला, तर दोन्ही पट्ट्यांवर सारखाच परिणाम होतो आणि दिवा गप्प राहतो.

म्हणूनच भर उन्हाळ्यात, जिन्यातली हवा आपल्या त्वचेइतकीच तापलेली असते तेव्हा, तो उशिरा लागतो, कधी लागतही नाही. मध्ये खिडकीची काच असली तरीही लागत नाही, कारण आपल्या अंगाचे किरण त्या काचेतून जात नाहीत. आपल्या विश्वामित्रीतली मगर समोरून गेली, तरी तो बहुधा दाद देणार नाही. तिचे अंग भोवतालाइतकेच गरम किंवा थंड असते!

दुसरे यंत्र २०२० सालापासून सर्वांच्या ओळखीचे झाले: कपाळासमोर धरायची 'बंदूक'. तिचे किरण मेंदूला इजा करतात, असे संदेश तेव्हा मोबाईलवर फिरत होते आणि कित्येक पालक मुलांना मनगट पुढे करायला सांगत. वास्तविक ही बंदूक अंगावर उष्णतेचे किरण सोडत नाही. कपाळावरून येणारे किरण ती फक्त गोळा करते. आतल्या बारीक धातुजोडांवर ते पडले की थोडी वीज निर्माण होते आणि तिच्यावरून आकडा काढला जातो.

पण हा आकडा त्वचेच्या पृष्ठभागावरून काढलेला असतो. २०२१ साली शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा एका शाळेच्या दारात मी हे पाहिले. परीक्षेला उन्हातून चालत आलेल्या एका मुलीचा आकडा जास्त आला आणि तिला घरी जायला सांगण्यात आले. ती रडकुंडीला आली. मी म्हटले, "भाई, दहा मिनिटे सावलीत बसू द्या तिला, मग परत बघा." दहा मिनिटांनी आकडा नेहमीसारखा आला आणि मुलगी पेपरला बसली. त्याच वर्षी उलटाही अनुभव आला. कूलरसमोर पडून राहिलेल्या शेजारच्या आजींना बंदुकीने ठणठणीत ठरवले. काखेत थर्मामीटर लावला तेव्हा १०१ ताप निघाला. डॉक्टरांना वेळेवर बोलावता आले, हे नशीब.

दोन्ही वेळा यंत्र बिघडलेले नव्हते. ते काय मोजते, हे पाहणाऱ्याला ठाऊक नव्हते.

घरी कारखान्यात वापरतात तशी बंदूक असेल, तर मोठ्यांच्या देखरेखीखाली एक प्रयोग करा. चकचकीत स्टीलच्या पातेल्यात गरम पाणी घेऊन बाहेरून मोजा, मग त्यावर काळी चिकटपट्टी लावून त्या जागी मोजा. पातेले एकच, आकडे मात्र दोन येतील. चकचकीत धातू उष्णतेचे किरण फार कमी बाहेर टाकतो. म्हणजे नुसता आकडा वाचून भागत नाही, पृष्ठभाग कसा आहे तेही पाहावे लागते.

पालकांना एवढेच सांगणे की मूल मलूल दिसत असेल, तर बंदुकीच्या आकड्यावर निश्चिंत राहू नका. आणि विश्वस्त मंडळींना एक विनंती. वीज वाचवण्यासाठी आपोआप लागणारे दिवे जिन्यात, व्हरांड्यात जरूर लावावेत, पण वाचनालयात नकोत. तिथे मान खाली घालून स्तब्ध वाचत बसलेल्या मुलाला तो दिवा गैरहजर समजतो, आणि नेमक्या त्याच मुलावर अंधार करतो.