बाल्ट्राला पोचेपर्यंत

५ फेब्रुवारी
मावशीचं गालापागोस अखेर ठरलं. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं तिनं, तिला ही बेटं दाखवायचीच होती. बोट ठरली, आता तिथवर पोचायचं जमवायचं. इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर आत पॅसिफिकमध्ये ही बेटं. विमान मिळतं ते कीटो किंवा ग्वायाकिलहून. अमेरिकेमार्गे जावं, तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो. म्हणून ॲमस्टरडॅममार्गे. कीटो २८५० मीटर उंचावर आणि मावशीला चढावर दम लागतो, तेव्हा मुक्काम समुद्रसपाटीजवळच्या ग्वायाकिललाच.

१२ फेब्रुवारी
बेटांवर मुख्य विमानतळ दोन, बाल्ट्रा आणि सान क्रिस्तोबाल, आणि मधे समुद्र. काही बोटी एकीकडून निघून दुसरीकडे सोडतात. म्हणून तिकिटाआधी बोटवाल्यांकडून लेखी मागवलं: चढणं-उतरणं दोन्ही बाल्ट्राला. बोट कुणासाठी खोळंबत नाही. कुठल्या दिवशी कुठल्या बेटावर उतरायचं हे राष्ट्रीय उद्यान ठरवून देतं, आणि एका जागी त्याच बोटीला १४ दिवसांत पुन्हा जाता येत नाही. एका बोटीत जास्तीत जास्त १०० प्रवासी. मला हा कडकपणा मनापासून पटतो. ग्वायाकिलला मात्र दोन रात्री आधी पोचायचं. एखादं विमान चुकलं तरी हाताशी दिवस हवा.

२१ फेब्रुवारी
इक्वाडोरहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो, नाहीतर ६ दिवसांपर्यंत विलगीकरण. लस घेतल्यावर दाखला लागू व्हायला १० दिवस जातात. साठीपुढे पहिल्यांदा घ्यायची तर जपून, म्हणून आधी मावशीच्या डॉक्टरांना गाठलं. सगळे रिपोर्ट बघून त्यांनी होकार दिला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

९ मार्च
आज मावशी बॅग सोडून बुटांनाच भिडली. जुन्या टूथब्रशनं तळव्याच्या खाचांतली लाल माती काढली, मग चिमट्यानं सॅकच्या वेल्क्रोत रुतलेली कुसळं एकेक उपटली. राजगडावरची असावीत. "अगं, हे एक बी तिथं रुजलं तर?" म्हणाली. तिची भीती खरी आहे. आशियातली, आपल्या भारतातही होणारी रास्पबेरीची एक जात तिकडे पोचली आणि तिच्या काटेरी जाळ्यांनी तिथल्या मूळच्या झाडांची जागा बळकावली. आवळे, चिंच सगळं घरीच ठेवलं.

२० मार्च
ग्वायाकिलच्या विमानतळावर चेक-इनच्या आधीच सामान तपासून सील केलं, मग बेटांवर जायला लागणारं ट्रान्झिट कार्ड काढलं. उतरण्याआधी हवाई सुंदरीनं डोक्यावरच्या कप्प्यांत कीटकनाशक फवारलं. घड्याळ तासभर मागे. बाल्ट्राची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधलेली. भोवती उघडं माळरान आणि निवडुंग. उद्यानाची फी माणशी २०० डॉलर, रोख. ऑगस्ट २०२४ च्या आधी १०० होती. मला ती जड वाटली नाही. सांताक्रूझ बेटावर जाणारे सामुद्रधुनीकडच्या बसमध्ये बसले, आम्ही धक्क्याकडच्या. धक्क्यावर लाइफ जॅकेट चढवलं आणि खलाशानं मावशीला मनगटाला धरून छोट्या होडीत घेतलं. बोट पलीकडेच नांगरलेली होती. जेवायच्या आधी वाटाड्याला गाठून तिनं उद्याच्या बेटावरच्या झाडांची यादी लिहून घेतली.