डेम्बा बाचा गुडघा

शाळेच्या मैदानावर गोल झाला की आमची पोरं हल्ली सजदा करतात. कुठून शिकलात म्हणून विचारलं तर एका सुरात उत्तर येतं, "सर, सलाह!" मोहम्मद सलाह मोठाच खेळाडू, त्याबद्दल वाद नाही. पण मला अशा वेळी डेम्बा बा आठवतो. सलाहच्या आधी काही वर्षं इंग्लंडच्या मैदानांवर तो गोल करून कपाळ गवताला टेकवायचा. पोरांना नाव सांगितलं की ती आधी हसतात. नावच तसं आहे.

जन्म १९८५चा, फ्रान्समधला, घराणं सेनेगलचं. फॉरवर्ड, म्हणजे गोल करणं हेच काम. पण एका क्लबात मुळं धरावीत असं त्याच्या नशिबात नव्हतं. तरुणपणी इंग्लंडमधल्या छोट्या-मोठ्या क्लबांची दारं ठोठावली, कुणी घेतलं नाही. वयाच्या विसाव्या वर्षी फ्रान्सच्या चौथ्या श्रेणीतल्या रुआं क्लबात जागा मिळाली. तिथून बेल्जियम. तिथं स्थिरावायच्या आत पाय मोडला. बरा झाला आणि जर्मनीत होफेनहाइमला गेला. तो संघ दुसऱ्या श्रेणीत होता, वर्षभरात पहिल्या श्रेणीत आला.

मग सुरू झाली गुडघ्याची गोष्ट. २००९ साली श्टुटगार्टला जायचं जवळजवळ ठरलं होतं, वैद्यकीय तपासणीत अडलं. जानेवारी २०११मध्ये इंग्लंडच्या स्टोक सिटीनं बोलावलं, पुन्हा तपासणी, पुन्हा नकार. गोल किती केले हे कुणी विचारेना, सगळे एक्स-रे बघत बसले. शेवटी वेस्ट हॅमनं घेतलं ते असं, की खेळशील तितक्या सामन्यांचे पैसे.

हे वाचलं तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, अरे, हे तर तासिका तत्त्व! बीएड झाल्यावर मी चार वर्षं अशीच काढली. जितके तास तितके पैसे. दिवाळीची सुट्टी बिनपगारी, मे महिना बिनपगारी, आणि जूनमध्ये बोलावतील की नाही हे जूनमध्येच कळायचं. अशा नोकरीत माणूस आजारी पडत नाही, आणि तोंडही उघडत नाही. बानं त्या अटीवर बारा सामने खेळून सात गोल केले. वेस्ट हॅम तरीही खालच्या श्रेणीत घसरला आणि हा न्यूकॅसलला निघाला.

२०११चा रमजान ऑगस्टमध्ये आला होता. इंग्लंडचा ऑगस्ट म्हणजे सेहरीपासून इफ्तारपर्यंत आपल्यापेक्षा कितीतरी लांब दिवस. रोजे ठेवायचे की नाहीत यावर बाचं म्हणणं सरळ होतं: मी ठेवणारच, खेळ चांगला झाला तर खेळवा, वाईट झाला तर बाकावर बसवा. नव्या संघात सुरुवातीला गोल आले नाहीत तेव्हा लोकांनी रोज्यांकडे बोट दाखवलं. मला ते पटत नाही, नव्या जागी रुळायला कुणालाही वेळ लागतो. २४ सप्टेंबरला ब्लॅकबर्नविरुद्ध त्यानं एकट्यानं तीन गोल केले आणि त्या मोसमात लीगमध्ये सोळा. नाकारलेल्या गुडघ्यानिशी.

पुढे चेल्सी. लिव्हरपूलच्या जेरार्डचा पाय घसरला तो २०१४चा सामना ज्यांना आठवतो, त्यांना त्या चेंडूवर गोल करणाराही आठवत असेल. तो हाच. मग तुर्कस्तानात बेशिक्ताश, मग चीनमध्ये शांघाय. तिथं २०१६मध्ये पुन्हा पाय मोडला, तो इतका वाईट की आता हा संपलाच असं बोललं गेलं. तरी परत उभा राहिला, पुन्हा तुर्कस्तान. २०२०मध्ये इस्तंबूलच्या बशाकशेहिर संघाबरोबर तुर्की लीग जिंकला. त्याच उन्हाळ्यात चीनमधल्या उइगुर मुसलमानांसाठी फुटबॉलपटूंनी एकत्र यावं असं तो उघड म्हणाला. चीनमध्ये पगार घेतलेला माणूस, गप्प राहिला असता तर कुणी विचारलं नसतं.

आणि मग ८ डिसेंबर २०२०. पॅरिसमध्ये पीएसजीविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा सामना. कोरोनामुळे स्टेडियम रिकामं, त्यामुळे बोललेलं सगळं ऐकू येत होतं. बशाकशेहिरचे एक प्रशिक्षक, कॅमेरूनचे पिएर वेबो, कशावरून तरी चिडले होते. त्यांना ताकीद द्यायची होती. कोण ते दाखवताना चौथे पंच आपल्या रोमानियन भाषेत म्हणाले, तो काळा.

बा त्या रात्री राखीव खेळाडूंत होता. पस्तीस वर्षांचा, कारकीर्दीच्या टोकाला आलेला. तो उठून पंचांपुढे गेला आणि विचारू लागला: गोऱ्या माणसाबद्दल बोलताना तुम्ही 'हा गोरा माणूस' म्हणत नाही, 'हा माणूस' म्हणता, मग काळ्याचा उल्लेख करताना 'हा काळा' का? शिवी नाही, धक्काबुक्की नाही. उत्तर मिळालं नाही. दोन्ही संघ मैदान सोडून गेले. सामना दुसऱ्या दिवशी नव्या पंचांसह पुढे खेळवला गेला आणि पीएसजीनं तो ५-१ असा जिंकला. ती हार कोणाला आठवते!

तो व्हिडिओ मी कितीदा पाहिला, सांगता यायचं नाही. कारण काही वर्षांपूर्वी पेपर तपासणीच्या एका केंद्रावर आम्ही सातआठ मराठीचे शिक्षक एका लांब टेबलाला बसलो होतो. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. वाटणारे गृहस्थ शिपायाला सांगत होते, हा कुलकर्णी सरांना, हा पाटील मॅडमना, हा जाधव सरांना. माझ्यापाशी आल्यावर म्हणाले, "आणि हा त्या मुसलमान सरांना दे." आवाजात कसलाही राग नव्हता. भला माणूस होता, चहाच्या वेळी आवर्जून हाक मारायचा. छातीवरच्या बिल्ल्यावर माझं नाव मराठीत लिहिलेलं होतं.

तेव्हा मी तासिकेवर नव्हतो, कायम झालो होतो. तोंड उघडलं असतं तर नोकरी जाणार नव्हती.

मी गठ्ठा घेतला, दोरी सोडली आणि तपासायला बसलो. पहिल्याच पेपरात कुणीतरी 'माझा आवडता खेळाडू' हा निबंध लिहिला होता. क्रिकेटवाला होता. चांगले गुण दिले.