चिखल्या आणि ती ट्यूब

मृग लागून आठ दिवस झाले. काल संध्याकाळी पाय पुसताना डाव्या करंगळीच्या बेचक्यात ती ओळखीची खाज आली. बघते तर कातडी पांढरी पडलेली, जराशी फाटलेली. चिखल्या! कोकणात जन्म गेलेल्या बाईला हे दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. इंग्रजीत याला म्हणे ‘खेळाडूचा पाय’ म्हणतात. आमच्याकडचे खेळाडू म्हणजे भातलावणीला दिवसभर ओणव्या असलेल्या बायका!

माझी आई लावणीच्या दिवसांत रात्री मेंदीचा पाला वाटून बोटांच्या बेचक्यांत भरायची आणि तशीच झोपायची. सकाळी तिचे पाय लालभडक. आम्ही पोरं चिडवायचो, "आई, कुणाच्या लग्नाला निघालीस?" बुरशी वगैरे शब्द तिच्या गावीही नव्हते. कातडी जरा कोरडी, घट्ट व्हायची आणि पुन्हा चिखलात उतरता यायचं, तेवढं तिला पुरे होतं.

मी शिकलेली. मी दुकानातून ट्यूब आणणार. आणि तिथेच चुकले.

गोष्ट २०२१ ची. २२ जुलैला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला, ते तुम्ही वाचलं असेलच. आमच्या घरातही पाणी शिरलं. ओसरल्यावर कितीतरी दिवस आम्ही सगळे गाळ उपसत होतो. पाय कोरडे करायला घरात एक धड फडकं नव्हतं. आठवड्याभरात घरातल्या प्रत्येकाला चिखल्या झाल्या. मी औषधाच्या दुकानात गेले, दुकानदाराला म्हटलं, "लवकर गुण येईल असं काहीतरी द्या." त्यानं एक ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज गायब! मी इतकी खूश की आणखी दोन ट्यूबा आणल्या आणि वाटल्या. एक धाकट्या जावेला दिली. तिला बारा वर्षांचा मधुमेह.

ती बिचारी इमानानं लावत राहिली. खाज थांबायची, ट्यूब बंद केली की दुप्पट व्हायची, म्हणून पुन्हा लावायची. तिसऱ्या आठवड्यात थंडी भरून ताप आला, पाऊल सुजून घोट्यापर्यंत लाल झालं. सेल्युलायटिस. सहा दिवस दवाखान्यात, शिरेतून प्रतिजैविकं. डॉक्टरांनी ट्यूब बघितली आणि विचारलं, "ही कुणी दिली?" मी पलंगाशेजारीच उभी होते. जाऊ म्हणाली, "मीच दुकानातून आणली."

मी गप्प बसले. आज हे घरचेही वाचतील, म्हणून सांगून टाकते : ती ट्यूब मी दिली होती.

डॉक्टरांनी मग समजावलं. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासॉल नावाचं जोरकस स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडनं लाली आणि खाज दबते, म्हणून वाटतं बरं झालं. पण तिथल्या कातडीची लढण्याची ताकदही कमी होते आणि आत बुरशी फोफावत राहते. फटीतून जंतू शिरले की मधुमेह्याच्या पायाला ते फार महागात पडतं. खरं तर २०१८ पासून असली स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे.

घरी येऊन मी चष्मा लावून ट्यूब वाचली. सगळं छापलेलं होतं. लाल रेघ, चिठ्ठीवरच विकण्याची सूचना, आतल्या औषधांची नावं. छत्तीस वर्षं मुलांना सांगत आले, "आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा." आणि स्वतः?

तेव्हापासून दुकानात गेले की आधी ट्यूब वाचते. क्लोट्रिमाझोल आणि क्लोबेटासॉल, कानाला भावंडंच वाटतात. पण पहिलं बुरशीचं औषध, दुसरं स्टेरॉइड. ट्यूबवर एकच औषध असावं : क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल किंवा टर्बिनाफिन, एक टक्का किंवा दोन टक्के. तीन-चार नावांची मिसळ दिसली की परत करते. साधं मलम सावकाश काम करतं. टर्बिनाफिनला एखाद-दोन आठवडे लागतात, क्लोट्रिमाझोलला चारेक. खाज थांबली म्हणून मध्येच सोडायचं नाही, हे सगळ्यात कठीण! बुरशीची पावडर मिळते, ती चपला-बुटांत आणि पुन्हा होऊ नये म्हणून बरी. झालेल्या चिखल्यांना मलमच.

आणि मलमाआधी पाय कोरडे. बेचकी न् बेचकी पुसायची, पायांचं फडकं वेगळं ठेवायचं. आमच्या ह्यांना मी सांगते, आधी मोजे घाला, मग पँट. म्हणजे पायाची बुरशी जांघेत जात नाही. (हसतात, पण ऐकतात.) दोन आठवड्यांत फरक पडला नाही, सूज किंवा पू दिसला, नखं जाड झाली, तर दुकान नको, डॉक्टर. मधुमेह असेल तर पहिल्या दिवशीच डॉक्टर.

काल जावेला फोन केला. म्हटलं, "बेचक्या बघितल्यास का गं?"

"बघितल्या हो ताई, कोरड्या आहेत," म्हणाली. मग जरा थांबून, "आणि तुमची ट्यूब वाचलीत का?"

म्हणजे तिला सगळं आठवतंय. पाच दिवसांत एकदाही बोलली नव्हती, वर्षांतही नाही. मी म्हटलं, "वाचली गं, दोनदा."

असो. पाऊस आला आहे. पाय सांभाळा.