मावशीच्या पत्त्यावरचा सिनेमा

आमच्या नवेगाव बांधच्या तलावावर हिवाळ्यात दूरदेशीची बदकं येतात. हिमालय ओलांडून येतात, पण त्यांना कुणी पासपोर्ट विचारत नाही. मी मात्र एका हिवाळ्यात उलट दिशेने उडालो, जर्मनीत म्युनिकला लेकाकडे गेलो, आणि तिथे एका साध्या मराठी सिनेमाने मला सीमेवरच अडवलं!

झालं असं. डिसेंबरात म्युनिकला साडेचारलाच दिवेलागण होते. बाहेर बर्फ, घरात मी आणि माझी बारा वर्षांची नात. तिला मराठी समजतं, पण बोलायला लाजते. म्हटलं, रोज संध्याकाळी मिळून मराठी सिनेमा बघू. मोबाइलवर वर्षाचे पैसे आधीच भरलेले होते. बटण दाबलं, तर पाटी आली: हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही.

मी चिडलो. पैसे माझे, भाषा माझी, मग अडचण काय? लेकाने समजावलं. आपल्याकडे मासेमारीचा ठेका कसा असतो? या तलावाचा एका संस्थेकडे, पलीकडच्या तलावाचा दुसऱ्या संस्थेकडे. जाळं तेच, मासेही तसेच, पण दुसऱ्याच्या तलावात जाळं टाकता येत नाही. सिनेमाचे हक्कही असेच देशादेशाने विकले जातात. गंमत बघा, १ एप्रिल २०१८ पासून युरोपीय संघात असा नियम आहे की, घरी पैसे भरून घेतलेली सेवा संघातल्या दुसऱ्या देशात थोड्या दिवसांसाठी गेल्यावरही दिसली पाहिजे. म्हणजे नात इटलीला सहलीला गेली, तर तिचे कार्यक्रम तिच्याबरोबर जातात. माझे मात्र भारतातच राहिले.

"आबा, थांबा," नात म्हणाली. तिने फुकटचं एक व्हीपीएन ॲप उतरवून घेतलं, भारताचा झेंडा निवडला, आणि सिनेमा सुरू! मी तर टाळ्याच वाजवल्या.

ही काय जादू असते, सांगतो. समजा, तुम्ही म्युनिकहून एक बंद पाकीट नागपूरच्या मावशीला पाठवलं. आत दुसरं पाकीट. मावशी बाहेरचं पाकीट फोडते आणि आतलं नागपूरच्या टपालात टाकते. ज्याला ते मिळतं, त्याला शिक्का नागपूरचा दिसतो. उत्तरही मावशीकडेच जातं, ती ते तुमच्याकडे पाठवते. व्हीपीएन म्हणजे ही मावशी. वाटेतल्या कुणाला आतलं वाचता येत नाही, हा तिचा खरा उपयोग. १९९६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमधल्या गुरदीप सिंग पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी एक पद्धत तयार केली, ती माणसांना दूर राहूनही कचेरीचं काम सुरक्षित करता यावं म्हणून. म्हणजे मावशी वाईट नाही. पण ती ओळखीची हवी, कारण आपली पत्रं कुठे जातात हे तिला ठाऊक असतं. काही देशांत तर तिच्यावर कायद्याची बंधनंही आहेत.

आमची मावशी फुकटची, अनोळखी. ते ॲप बंद करायचं मी विसरलो आणि त्याच मोबाइलवरून पेन्शनचं खातं उघडलं. सकाळी माझा पत्ता जर्मनी, दुपारी भारत, संध्याकाळी कुठला तरी तिसराच देश! बँकेला वाटलं, चोर शिरला. खातं बंद. उघडायचं तर स्वतः शाखेत या म्हणाले. शाखा कुठे, मी कुठे! पुढचे तीन आठवडे मी लेकाकडून पैसे मागून दिवस काढले. या वयात मुलापुढे हात पसरताना कसं वाटतं, ते तुमच्या आजोबांना विचारा.

पण खरा चटका वेगळाच होता. रात्री नातीने हळूच विचारलं, "आबा, आपण खोटा पत्ता सांगितला ना?" मी आयुष्यभर शाळेत मुलांना शिकवलं, पण उत्तर चटकन सुचेना. शेवटी म्हणालो, "हो बाळा. पैसे भरले होते हे खरं, पण पत्ता खोटाच." आम्ही दोघांनी त्या सेवेचे नियम वाचले. असं करायला त्यात मनाई होती. ॲप काढून टाकलं, सगळे पासवर्ड बदलले.

मग उरलेल्या सिनेमाचं काय? तो मी पूर्वी पाहिला होता. मी तोंडी सांगायला लागलो, रोज थोडा थोडा. विसरलो की मनाने रचायचो. नात मला अडवायची, "असं कसं, आबा? काल तर तो गावाला गेला होता!" आणि काय सांगू, ती हे सगळं मराठीत बोलत होती. चुका होत होत्या, पण लाज पळाली होती.

आता मी नवेगावला परतलोय. खातं उघडलं. रविवारी नातीचा फोन येतो. मी बांधावर उभा राहून तिला तलाव दाखवतो. ती विचारते, "आबा, बदकं आली का?"

मुलांनो, तुमच्या घरातही कुणी परदेशी जाणार असेल, तर त्या सेवेचे नियम आधीच वाचायला सांगा, आणि बँकेचं काम अनोळखी मावशीच्या पत्त्यावरून करू नका म्हणावं. आणि हो, एखादी गोष्ट तोंडपाठ करून न्यायलाही सांगा. तिला कुठल्याच देशात अडवत नाहीत.