गॅस संपत नसतो

ह्यूस्टन, ११ जून
बाहेर ९७ फॅरनहाइट, म्हणजे आपले ३६, आणि गाडीचा एसी कोमट वारा फेकतोय. बॉनेट उघडून पाहिलं. कॉम्प्रेसरचा क्लच टक्कन धरतो नि काही सेकंदांत सोडून देतो. दाब घसरला की स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो, म्हणजे गॅस कमी असणार. रात्री मेहुण्याला फोन लावला. सांगलीत सकाळ झाली होती. त्याचा धंदाच कार-एसीचा. ‘गॅस संपला वाटतं,’ म्हटलं, तर म्हणाला, ‘दाजी, ते काय पेट्रोल आहे का संपायला? कमी झालाय म्हणजे कुठंतरी गळतोय.’

१३ जून
अमेरिकेत गॅसचे छोटे डबे कुणालाही मिळतात. १२ औंसांचे, म्हणजे ३४० ग्रॅमचे. २०१८ पासून त्यांना आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह सक्तीचा आहे. कॅलिफोर्नियात तर डब्यामागे १० डॉलर अनामत ठेवतात. कारण त्यातला आर-१३४ए गॅस ओझोनला हात लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त. नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो, त्याची जोडणीच वेगळी. म्हणून आधी बॉनेटखालचं लेबल वाचलं: आर-१३४ए, ५०० ग्रॅम.
रॅकवर सगळ्यात झगमगीत डबा ‘गळती बंद करणारा’. तो मुद्दाम सोडला. त्यातलं रसायन गॅरेजच्या गॅस काढायच्या यंत्राचीही वाट लावतं. फक्त गॅस आणि गळती दाखवणारा डाय असलेला डबा घेतला.

१४ जून
उन्हं चढायच्या आत कामाला लागलो. हातमोजे, चष्मा. हा गॅस उणे २६ सेल्सियसलाच उकळतो. फवारा कातडीवर आला तर गोठवून टाकेल.
एसीच्या नळ्यांच्या टोपणांवर ‘एच’ आणि ‘एल’. डबा फक्त ‘एल’ला, कमी दाबाच्या बाजूला. ‘एच’कडून दाब उलटा डब्यात आला तर डबा फुटू शकतो. जोडणीचे आकार वेगळे ठेवलेत ते त्यासाठीच. इंजिन चालू, एसी पूर्ण, पंखा जोरात, दारं सताड उघडी. क्लच धरलेला असतानाच गेजचा काटा वाचायचा: २० पीएसआय. डबा उभा धरून थोडा गॅस सोडायचा, थांबायचं, पुन्हा काटा बघायचा. डबा हातात बर्फासारखा गार पडत गेला. मध्येमध्ये तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवत होतो. बायको दारातून म्हणाली, ‘तो काटा आता परत आत आणू नका.’
सुमारे १८० ग्रॅम गेल्यावर क्लच सुटेनासा झाला, काटा ४० च्या पुढे स्थिरावला. मधल्या झरोक्यातली हवा ११ अंश. इथेच हात आवरला. आत आधी किती होता हे कळायला मार्ग नाही, आणि जास्त भरला तर दाब चढून गारवा उलट कमी होतो. त्या स्वस्त गेजला फक्त एक बाजू दिसते. तेवढ्यावर हिरवा पट्टा गाठेपर्यंत भरत सुटणं मला पटत नाही.

१५ जून
डाय फिरावा म्हणून दिवसभर गाडी चालवली. रात्री अतिनील टॉर्च आणि पिवळा चष्मा. नळ्यांचे सांधे कोरडे, कॉम्प्रेसरही कोरडा. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात मात्र पोपटी ठिपका लखलखला. तिथली जाळी दबलेली, खडा लागलेला असणार. फोटो सांगलीला पाठवला. उत्तर आलं: ‘कंडेन्सर बदला. डबे ओतत बसू नका.’

१८ जून
चार दिवसांत झरोक्यातली हवा १४ वर आली. गॅरेजला फोन केला. आधी उरलेला गॅस काढून घेणार, मग कंडेन्सर आणि ड्रायर बदलणार, व्हॅक्यूम लावून हवा-ओलावा ओढणार आणि लेबलाप्रमाणे वजनावर ५०० ग्रॅम भरणार. किंमत ऐकून घाम फुटला, पण हे काम अंगणात होण्यातलं नाही. वेळ देण्याआधी गॅरेजवाल्यानं एकच विचारलं, आत गळती बंद करणारं काही घातलंय का. नाही म्हटल्यावर शुक्रवार सकाळ मिळाली.