मोरयाच्या धोंड्यापाशी चौथीचा वर्ग

चौथीच्या परिसर अभ्यासाचा दुसरा भाग म्हणजे शिवचरित्र. मालवणच्या मुलांना ते नुसतं फळ्यावर शिकवणं मला पटत नाही. आज वर्ग मोरयाच्या धोंड्यापाशी नेला. २५ नोव्हेंबर १६६४ला सिंधुदुर्गाच्या बांधणीचा मुहूर्त झाला, तो इथल्या गणेशपूजनाने. खडकात कोरलेल्या गणपतीवर, चंद्रसूर्यावर मुलांनी बोटं फिरवली. समोर कुरटे बेट आणि त्यावरचा सिंधुदुर्गाचा तट.

"बाई, समुद्राच्या मधी गोडा पाणी खंयसून इला?" एकीने विचारलं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव ही विहिरींची नावं तिला पाठ होती. प्रश्न मात्र तिचा स्वतःचा. बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्याहून हलकं, इथपासून वेढा पडला तर शिबंदी काय पिणार, इथवर बोलणं गेलं. इतिहासाचा तास असाच भरकटावा.

नागरिकशास्त्राला तर इथे रापणच पुरे. होडीतून जाळं अर्धगोल सोडायचं, किनाऱ्यावरून दोन्ही टोकं सगळ्यांनी मिळून ओढायची, म्हावऱ्याचे वाटे घालायचे. जाळंवाल्याला किती, ओढणाऱ्याला किती, यावर दोघे हिरिरीने भांडले. मी थांबवलं नाही. न्याय, हक्क हे शब्द त्यानंतर, वर्गात परतल्यावर, फळ्यावर आले.

शेवटी यांत्रिक बोटींवरच्या मोठ्या घेरजाळ्यांचा, म्हणजे पर्ससीनचा, विषय निघाला. मागच्या बाकावरून आवाज आला: पर्ससीनवाल्यांका कायदो नाय? आहे. सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा महाराष्ट्राने १९८१मध्ये केला. आपला जिल्हाही त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. उद्या तो कायदा दहा वर्षांच्या मुलांना कळेल अशा भाषेत मांडायचाय. रात्री तेच लिहायला बसतेय.